तांब्याचं मेडल आणि त्याच्या कडेवरचा नंबर

प्रश्न ऐरोलीच्या एका ताईंचा आहे. खेड तालुक्यातलं गावचं घर दुरुस्तीला काढलं तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक त्यांच्याकडे आली. आत निघालं ते असं: तांब्याच्या रंगाचं एक गोल मेडल, सहा टोकांची एक चांदणी, आणि बोटींची नावं नि शिक्के असलेलं एक फाटकं पुस्तक. घरात लहानपणापासून ऐकलेलं की पणजोबा जर्मनच्या लढाईत होते. आणि परवा एका लग्नाच्या पंगतीत काका बोलून गेले, "लढाईत कसले? बसऱ्याला हमालीला गेले होते." (बसरा म्हणजे इराकमधलं बंदर.) ताई विचारतात, पणजोबांनी नेमकं काय केलं ते शोधायचं कसं, आणि त्यांना सैनिक म्हणायचं की नाही? शेवटी एक ओळ जोडलीय: गावी आत्येआजी आहेत, वय नव्वदीच्या पुढे, पण त्यांना 'आता काही आठवत नाही'.

मी सव्वीस वर्षं फौजेत क्लार्क होतो. रायफल वर्षातून एकदा फायरिंगपुरती हातात घेतली असेल, बाकी सगळी नोकरी शीट रोल, पार्ट टू ऑर्डर आणि पेन्शनच्या कागदांत गेली. २००४ साली रिटायर होऊन ठाण्याला कोपरीत राहायला आलो. तेव्हापासून कळवा, मुंब्रा, घणसोली, पनवेल असा फिरून लोकांच्या घरातल्या अशा ट्रंका बघतो आणि म्हाताऱ्या माणसांचं बोलणं वहीत उतरवून घेतो. 'हमालीला गेले होते' हे वाक्य त्यामुळे मला नवीन नाही. कुठे 'भटारखान्यात होते', कुठे 'खेचरं हाकायचे', कुठे 'बोटीवर कोळसा मारायचे'. सांगणाऱ्याचा आवाज त्या जागी थोडा खाली येतो.

तुमचे काका बहुतेक बरोबर आहेत, ताई. ते मेडल त्यांचीच बाजू घेतंय.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश वॉर मेडल म्हणून जे दिलं गेलं ते लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळालं. मजुरांच्या नि हमालांच्या पलटणींतल्या माणसांना तेच मेडल, तोच पंचम जॉर्जचा मुखवटा, तीच रिबन (मधे रुंद नारिंगी पट्टा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या, काळ्या, निळ्या रेघा), पण धातू ब्रॉन्झ. आपल्याकडे सगळे त्याला तांब्याचंच म्हणतात. एकाच बंदरावर उतरलेल्या, एकाच तापाने फणफणलेल्या दोन माणसांना सरकारने असं धातूवरून वेगळं केलं. आता त्यातली गंमत बघा. चांदीची मेडलं पुढे अडीअडचणीला सोनाराकडे गेली. दुष्काळ, लग्न, बाळंतपण, काहीतरी निघायचंच. तांब्याच्याला कोण काय देणार? ती राहिली. म्हणून माझ्या अनुभवात लढलेल्या शिपायाच्या घरात पुष्कळदा नुसती गोष्ट असते आणि हमालाच्या घरात मेडल असतं.

ते मेडल घासू नका. हे आधी सांगायला हवं होतं. दिवाळीच्या तोंडावर चिंच-मीठ लावून लखलखीत केलेली मेडलं मी पाहिलीत, कडेवरची अक्षरं अर्धी पुसलेली. अक्षरं तिथेच असतात, कडेला, जुन्या रुपयाच्या नाण्याला जिथे खाचा असायच्या त्या जागी. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसा, पातळ कागद कडेभोवती गुंडाळा आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवा. लहानपणी वहीखाली नाणं ठेवून करायचो तसं. मोबाइलच्या फोटोत न दिसणारं अक्षर कागदावर उमटतं. क्रम साधारण ठरलेला: आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, मग पलटण किंवा खातं.

हुद्द्याची अक्षरं हाच निम्मा इतिहास. 'एस-ई-पी' असेल तर सिपॉय, म्हणजे शिपाई. 'द्राबी' दिसलं तर खेचरांचा किंवा बैलगाडीचा हाक्या; हा शब्द घरी सांगितला की लोकांना ते आडनाव वाटतं. 'भिश्ती' म्हणजे पाणक्या. 'कुक', 'स्वीपर' वाचता येतात. 'कहार' म्हणजे जखमींची डोली उचलणारा. 'लेबरर' किंवा 'कुली' आणि पुढे 'लॅब. कॉर्प्स' असं असेल तर मजूर पलटण. तुमच्याकडे यातलंच काहीतरी निघेल असा माझा अंदाज आहे.

नावाच्या बाबतीत हट्ट धरू नका. लिहिणारा गोरा किंवा परप्रांतीय कारकून, सांगणारा खेडचा. जाधवचा 'जाधाओ' होतो, पवारचा 'पोवार'. पुष्कळदा आडनाव नसतंच, स्वतःचं नि बापाचं नाव जोडून काम भागवलेलं असतं, धोंडू गणू, रामा सखाराम. अशी नावं एकेका पलटणीत पाच-पाच निघतात. माणूस ओळखायचा तो नंबरावरून.

हे मी शिकलो ते एका घरात तोंड काळं करून. कळव्याच्या एका कुटुंबाला मी २००७ मध्ये सांगितलं होतं की तुमचे पणजोबा नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या सलमान पाकच्या लढाईत गेले. नाव जुळत होतं, तालुका जुळत होता, नंबराचे चार आकडे होते त्यातले तीन जुळत होते. चौथा कागदावर पुसट होता, मी तो मनाने भरला. त्यांनी फोटोला चंदनाचा हार घातला, खाली तारीख लिहून घेतली. दोन वर्षांनी त्यांच्या गावच्या नातेवाइकाकडे १९२० मधली जमिनीची एक पावती सापडली. त्यावर पणजोबांचा अंगठा होता. मेलेला माणूस पाच वर्षांनी अंगठा देतो कसा? मी जाऊन माफी मागितली. घरातल्या आजींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "बरं झालं, परत आले म्हणायचे." तेव्हापासून पुसट आकडा मी मोकळाच ठेवतो.

आता हमालीबद्दल. पहिल्या महायुद्धात १९१९ संपेपर्यंत हिंदुस्थानातून सुमारे १४ लाख ४० हजार माणसं भरती झाली. त्यातली सुमारे ५ लाख ६३ हजार लढणारी नव्हती. म्हणजे पाचांत दोन. स्वयंपाकी, पाणके, डोलीवाले, खेचरवाले, धोबी, न्हावी, मोची, मजूर. सरकारी भाषेत या सगळ्यांना मिळून एक शब्द होता, फॉलोअर. मागून येणारे. लष्करी कायदा त्यांनाही लागू होता, पळून गेलं तर शिक्षा होती, फक्त हातात बंदूक नव्हती. काही पलटणी तर तुरुंगातल्या कैद्यांच्याही होत्या, शिक्षेत सूट देण्याच्या बोलीवर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, नेलेल्या. तेव्हा सैनिक म्हणायचं की नाही याचं माझं उत्तर क्लार्कचं आहे: ज्याच्या नावापुढे नंबर, तो फौजेचा.

आणि बसऱ्याला हमाली म्हणजे काय होतं ते समजून घ्या, कारण सगळी मोहीम तिथेच अडली होती. १९१४ मध्ये फौज उतरली तेव्हा बसऱ्याला मोठ्या बोटी लागतील असा धक्काच नव्हता. बोट शत-अल-अरब नदीच्या मधोमध नांगर टाकून उभी राहायची, माल होड्यांत उतरवायचा, होड्या काठाला, काठावर चिखल. पाणी चढलं की रस्ता गायब. १९१६ मध्ये माल भरलेल्या बोटी आठवडेच्या आठवडे नदीत ताटकळत होत्या. तिकडे कुत-अल-अमाराला जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडलेली. त्यात १०३, ११० आणि ११७ या आपल्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. शेवटी घोडे नि खेचरं खाऊन दिवस काढले. सोडवायला निघालेल्या फौजेकडे पुढे माल न्यायला पुरेशा नदीबोटी नव्हत्या, दवाखान्याच्या बोटी नव्हत्या. सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली, आणि त्यातही तीन हजारांवर फॉलोअरच होते. त्यांचं पुढे वाळवंटातून चालत काय झालं ते लिहायला बसलो तर हे उत्तर संपणार नाही.

त्यानंतर कुठे सरकारला जाग आली. धक्के बांधले, चिखलावर भराव टाकून रस्ते उचलले, रेल्वेचे रूळ टाकले. हे सगळं डोक्यावरच्या टोपलीने आणि खांद्यावरच्या गोणीने झालं. मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतलं त्याची चित्रं छापून आली. टोपलीची कोण छापणार?

तुमचे पणजोबा नेमके कधी गेले हे घरात कोणी सनात सांगणार नाही. त्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो: मानमोडीच्या आधी परत आले की नंतर? १९१८ च्या साथीला कोकणात, घाटावर सगळीकडे मानमोडी म्हणायचे आणि ती पुढच्या पिढीच्याही लक्षात राहिली, कारण घरातलं कोणीतरी तिच्यात गेलेलं असायचं. 'ते आले तेव्हा धाकटी मानमोडीत गेलेली होती' असं एक वाक्य मिळालं की वर्ष मिळालं. दुसऱ्या महायुद्धासाठी असाच खुंटा म्हणजे मुंबईच्या गोदीतला १९४४ चा स्फोट.

कागद कुठे मिळतील? परदेशात गेलेल्यांपैकी जे मेले त्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे आहे आणि ती संगणकावर फुकट शोधता येते. बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं पुष्कळदा तिथे मिळतं. पण एक गोष्ट माहीत असू द्या. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर माणसांची आठवण आहे, त्यात गोऱ्या शिपायांची नावं दगडात कोरली आणि हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. २०२१ च्या एप्रिलमध्ये कमिशनने स्वतःच्या चौकशीत हा भेदभाव कबूल केला. शंभर वर्षं लागली. जे परत आले त्यांच्यासाठी पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, नौदलाच्या खलाशांचं तुमच्या जवळच, मानखुर्दला. पत्र लिहाल तर नंबर पहिल्या ओळीत लिहा, पणजोबांच्या पराक्रमाचं वर्णन नको. मी त्या टेबलावर बसलोय. नंबर नसलेलं पत्र ढिगाच्या खाली जातं, कोणी मुद्दाम करत नाही, पण जातं. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एक चक्कर मारा. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांच्या नोंदी त्यांच्याकडे असतात. १९४७ नंतर फौजेत गेलेलं कोणी तुमच्या घरात असेल तर तिथून सुरुवात करणं सोपं.

आता ती चांदणी. ती पणजोबांची असण्याची शक्यता कमी. सहा टोकांची, पिवळसर धातूची चांदणी दुसऱ्या महायुद्धाची. मधल्या गोलाभोवती कडं आहे त्यावर तिचं नाव लिहिलेलं असतं: बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार, अटलांटिक स्टार किंवा नुसतं १९३९-४५. उलटी करा. इंग्रज शिपायांना ही पदकं बिननावाची मिळाली, पण हिंदी फौजेतल्यांच्या चांदणीमागे नंबर, हुद्दा, नाव नि खातं ठोकलेलं असतं. या एका बाबतीत आपली सोय झाली. बर्मा स्टार निघाला म्हणून माणूस रंगूनला पोचला असं लगेच म्हणू नका, ठरावीक काळात आसाम आणि बंगालच्या काही भागात काम केलेल्यांनाही तो मिळाला. पायोनियर कंपन्या तिथे पावसात रस्ते उकरत होत्या, सर्व्हिस कोअरचे ड्रायव्हर इंफाळच्या घाटात ट्रक चढवत होते. त्यांच्यात कोकणातली किती माणसं होती ते मला ट्रंकांवरूनच कळत गेलं.

राहिलं ते पुस्तक. बोटींची नावं, चढल्या-उतरल्याच्या तारखा आणि प्रत्येक ओळीशेवटी इंग्रजी 'व्ही.जी.' असे शिक्के आहेत ना? ती खलाशाची नल्ली आहे. म्हणजे डिस्चार्ज बुक. व्ही.जी. म्हणजे व्हेरी गुड, वर्तणूक उत्तम. हा तिसराच माणूस असू शकतो, चुलत आजोबा वगैरे. तीन वस्तू एका ट्रंकेत आहेत म्हणून एकाच्या असतील असं धरू नका. एका घरात एकच ट्रंक असायची.

नल्ली हातात आली की मला मुंब्र्याच्या कौसा भागातले एक चाचा आठवतात. दापोलीकडचे. २००६ मध्ये भेटलो तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते. सतराव्या वर्षी आगवाला म्हणून बोटीवर चढले. आगवाला म्हणजे भट्टीत कोळसा मारणारा. त्याच्या मागे कोळसा ओढून आणणारा तो कोलसावाला, वर डेकवर खलाशी, त्यांच्यावर टंडेल, टंडेलावर सारंग. चार तास काम, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. लढाईच्या काळात त्यात दोन गोष्टी वाढल्या, असं ते म्हणाले. एक, धूर काढायचा नाही, कारण धूर वीस मैलांवरून दिसतो. कोळसा असा पातळ, पसरून टाकायचा की आग राहिली पाहिजे पण काळा लोट उठता कामा नये. ते बसल्या जागेवरून हात फिरवून दाखवत होते, मनगट शेवटी कसं झटकायचं, जणू तव्यावर धिरडं पसरतायत. दुसरी, राख दिवसा समुद्रात टाकायची नाही, पाण्यावर तिचा पट्टा राहतो आणि पाणबुडीला माग मिळतो. राख रात्री टाकायची. दिवसभराची राख पायाशी साठायची, तिच्या धगीत उभं राहून काम.

"वरच्या माणसाला पाणी तरी दिसतं," चाचा म्हणाले. "खाली नुसता आवाज. आणि टॉर्पेडो मारतात तो इंजिनावरच."

त्यांची एक बोट बुडाली. त्याबद्दल ते दोन वाक्यं बोलले आणि गप्प झाले, मीही विचारलं नाही. नल्लीत त्या बोटीच्या ओळीपुढे उतरल्याचं बंदर लिहायच्या जागी रेघ होती. पुढच्या ओळीत चार महिन्यांनी दुसरी बोट. परत चढले. का चढलात म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हा माणूस पेन्शनवाला आहे हे दिसतंच आहे.

दुसऱ्या महायुद्धात व्यापारी बोटींवरचे सहा हजारांच्या आसपास हिंदी खलाशी गेले. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा एक तुकडा त्यांना मिळायचा. १९३९ अखेर इंग्लंडच्या बंदरांत त्यांनी त्यासाठी संप केले, पुष्कळांना तुरुंग झाला, मग पगार वाढले. हा संप आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात मी तरी पाहिलेला नाही. मरण पावलेल्यांची नावं बघायची असतील तर ऐरोलीहून ठाणे आणि तिथून लोकलने मशीद बंदर. पूर्वेला उतरून पी. डिमेलो रोडवर इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक तिथे आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्यांच्या नावांची वही. तशीच दुसरी प्रत चितगावला. दगडावर नाही, वहीत नावं. मला ते बरं वाटतं, क्लार्क असल्यामुळे असेल.

चाचांना चांदणी मिळाली नव्हती. व्यापारी बोटींवरच्यांना ती मागावी लागायची, अर्ज करून. "कोण सांगणार होतं?" एवढंच म्हणाले.

जवळचं म्हणून आणखी एक सांगतो, फार न लांबवता. कोलशेतला आज जिथे टॉवरच्या जाहिराती लागतात त्या बाजूला दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीचं 'अकबर' नावाचं केंद्र होतं. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्याच केंद्रावर खलाशांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीवरून काम बंद केलं, ते लोण पसरलं आणि ठाण्याचं अकबरही त्यात उतरलं. पाच दिवसांत सगळं शमलं. बडतर्फ झालेली पोरं विशीतली होती. पुढे देश स्वतंत्र झाला तरी त्यांना नौदलात परत घेतलं नाही. लढाई इंग्रजांकडून लढले म्हणून एकीकडे हिशेबात नाहीत, इंग्रजांविरुद्ध उठले म्हणून दुसरीकडे नोकरीत नाहीत. कोलशेतमध्ये तीस वर्षं राहणाऱ्या माझ्या मित्राला हे मी सांगितलं तर तो म्हणाला, अकबर म्हणजे ती बिल्डिंग का?

गोदीच्या स्फोटाचंही असंच. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन ही बोट. एका पोटात स्फोटकं, कापसाच्या गाठी नि सोन्याच्या विटा. विटांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. विझवायला गेलेले ६६ बंबवाले गेले, त्यांच्यामुळे तो दिवस देशभर अग्निशमन दिन म्हणून पाळतात.

आता तुमच्या आत्येआजींकडे येतो, कारण खरा कागद त्या आहेत. 'काही आठवत नाही' हे मी प्रत्येक घरात ऐकलंय आणि पुष्कळदा चूक प्रश्नाची निघालीय. सुरुवातीची दोन वर्षं मीही सगळ्यांना 'लढाईत काय झालं' असंच विचारत होतो. समोरचा म्हातारा म्हणायचा, मी कुठे लढलो, मी तर कुक होतो, आणि संपलं. लढाईबद्दल विचारलं की न लढलेल्या माणसाकडे सांगायला काही उरतच नाही. कामाबद्दल विचारलं की तो तासभर थांबत नाही.

घणसोलीच्या एका कुकचं सांगतो. १९७१ मध्ये ते पश्चिम सीमेवर एका कंपनीच्या लंगरला होते. मी विचारलं, रात्री आग दिसू नये म्हणून काय करायचात? झालं, गाडी सुरू. चूल जमिनीत खणायची, गुडघाभर, वर ताडपत्री. अंधार पडायच्या आत आग विझली पाहिजे, म्हणून रात्रीचं नि सकाळचं दुपारीच करून ठेवायचं. चपाती नाही, वातड होते, पुरी. पुरी दोन दिवस टिकते, हातात धरून खाता येते, सोबत बटाट्याची सुकी भाजी, त्यात टोमॅटो घालायचा नाही, आंबते. वर खिशात टाकायला शंकरपाळे. एकशे अठरा माणसांच्या कणकेला मीठ किती, ते त्यांनी मला ओंजळ करून दाखवलं. मग म्हणाले की एका रात्री कंपनी पुढे गेली. पहाटे खेचरावर पुऱ्या पाठवल्या त्यातल्या बऱ्याच परत आल्या. कोण मेलं, कोण जखमी, कोण नुसतं दुसरीकडे सरकलं, कोणाला काय कळतंय. कुकला कोण सांगायला येणार?

"पुऱ्या बघून कळलं," ते म्हणाले. "मेजरसाहेबांनी दुपारी हजेरी घेतली, मला सकाळीच माहीत होतं. आणि दुसऱ्या दिवशी कणीक कमी मळायची तर हाताला जमेना. परत तेवढीच मळली."

आतून त्यांची बायको म्हणाली, "अजून जमत नाही. घरात कणीक हेच मळतात, रोज चार पोळ्या उरतात."

त्यांच्याकडे १९७१ चा पश्चिमी स्टार होता. देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. सोसायटीत २६ जानेवारीला झेंड्याला बोलावतात का, म्हटलं. म्हणाले, बोलावतात, सुभेदारसाहेब बोलतात, मग मी मसालेभात करतो.

तेव्हा आत्येआजींना असं विचारा. पणजोबा बसऱ्याला होते तेव्हा घरी मनिऑर्डर यायची असं ऐकलंय का, किती महिन्यांनी, आणि पोस्टमनचा कागद वाचून कोण दाखवायचं? ते चपला घालायचे की पायात बूट असायचे? कुठला शब्द घरात कोणी वापरत नसताना तेच वापरायचे? झोपेत बडबडायचे का, आणि हिंदीत की मराठीत? कशाला घाबरायचे? शेवटची मुलाखत म्हणून रेकॉर्डर समोर ठेवून बसू नका, दुपारी त्या भाजी निवडत असतील तेव्हा बसा. मेडल त्यांच्या हातात द्या. डोळ्यांना नीट दिसत नसेल तरी बोटांना कळतं.

आणि एक करा. पनवेलच्या एका घरात एकादशीलाही खजूर आणत नाहीत. कारण विचारलं तर 'आमच्यात चालत नाही'. कुळाचार असेल म्हणून मीही सोडून दिलं. पुढे त्यांच्याकडून एक तांब्याचं मेडल निघालं, मजूर पलटणीचं, आणि मग मुलाच्या तोंडून हळूहळू आलं की वडील बसऱ्याला खजुराच्या झाडांखाली राहायचे. उन्हात पडलेला खजूर, त्याच्यावर माशा, आणि त्याच झाडांखाली तापाची माणसं ओळीने झोपवलेली. परत आल्यावर त्यांनी तो वास घरात येऊ दिला नाही. चौथी पिढी अजून पाळतेय, कशासाठी ते न कळता.

गावी जाताना पाव किलो खजूर घेऊन जा. आत्येआजींच्या पुढ्यात ठेवा आणि तुमच्या पणजोबांना तो चालायचा का, एवढंच विचारा.